अडलेला इंटिग्रल डबल करून कसा सोडवायचा

हा इंटिग्रल बघा:

∫[०→१] (क्ष^७ − क्ष^३) / लॉग क्ष · डीक्ष

सब्स्टिट्यूशनने लॉग जातो, पण त्याच्या जागी नवा चल छेदात येऊन बसतो. बाय पार्ट्स केलं तर छेदातल्या लॉगचा वर्ग होतो, म्हणजे दुखणं वाढतंच. यात तुमची चूक नाही. क्ष^७ / लॉग क्ष याचा अँटिडेरिव्हेटिव्ह ओळखीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. आणि तरीही वरच्या इंटिग्रलचं उत्तर आहे नुसतं लॉग २.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणिताच्या पेपरात इंटिग्रेशनचा क्रम बदलायला शिकवतात, आयआयटी जॅमच्या गणिताच्या अभ्यासक्रमातही तो भाग आहे. पण तिथे डबल इंटिग्रल तयार करून हातात दिलेला असतो. इथे तो आपणच तयार करायचा आहे, आणि नवीन माणूस नेमका तिथेच अडतो. हा लेख मुख्यतः त्या एका गोष्टीसाठी आहे: एकेरी इंटिग्रलमधला कोणता तुकडा उलगडायचा आणि उलगडल्यावर क्रम बदलायची मुभा आहे की नाही हे कसं तपासायचं.

हाताशी काय हवं

- पार्शल फ्रॅक्शन, बाय पार्ट्स आणि ∞ लिमिट असलेले इंप्रॉपर इंटिग्रल यांची चांगली सवय.
- ई^(−अ·क्ष), ई^(−अ·क्ष)·साइन क्ष, ई^(−अ·क्ष)·कॉस क्ष यांचे ० ते ∞ इंटिग्रल तोंडपाठ. उत्तरं अनुक्रमे १/अ, १/(अ^२+१), अ/(अ^२+१). अ धन हवा.
- कोरे कागद. प्रदेशाची आकृती काढायचीच आहे, मनातल्या मनात नाही.
- आकडेमोडीने इंटिग्रल काढणारं काहीही: कॅसिओ एफएक्स-९९१ सारखा कॅल्क्युलेटर, पायथनच्या सायपायमधलं क्वाड, नाहीतर सिम्प्सनचा नियम आणि थोडा धीर. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा. डिग्रीवर राहिला तर साइनवाल्या गणितात बरोबर उत्तरही चुकीचं वाटेल.

चिन्हं अशी: क्ष आणि य हे चल, अ आणि ब स्थिरांक. लॉग म्हणजे ई पायाचा नैसर्गिक लॉग. ∫[अ→ब] म्हणजे खालची लिमिट अ, वरची ब. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास हा स्थिरांक ‘पाय’ असा लिहिला आहे, आणि गुणाकार ठिपक्याने दाखवला आहे.

पायरी १. इंटिग्रल मुळात अस्तित्वात आहे का ते बघा

दोन मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात. दोन्ही टोकांना काय होतं ते तपासा. आपल्या उदाहरणात क्ष → ० होताना अंश शून्याकडे जातो आणि छेद −∞ कडे, म्हणजे काहीच अडचण नाही. क्ष → १ होताना ०/० होतं. लॉपिटालचा नियम लावला तर लिमिट मिळते ७ − ३ = ४. फंक्शन कुठेच फुटत नाही, म्हणून इंटिग्रल आहे.

याच वेळी चिन्हही बघून ठेवा. ० ते १ मध्ये क्ष^७ हा क्ष^३ पेक्षा लहान, म्हणजे अंश ऋण. लॉगही ऋण. भागाकार धन. उत्तर ऋण आलं तर कुठेतरी घसरलो हे आत्ताच कळून ठेवलेलं बरं.

इथला सापळा फार जुना आहे: वजाबाकी फोडून दोन वेगळे इंटिग्रल करणं. क्ष^७ / लॉग क्ष हा एकटा घेतला तर क्ष = १ जवळ तो १/(क्ष−१) सारखा वागतो आणि इंटिग्रल −∞ ला जातो. क्ष^३ चंही तेच. दोघे मिळून ठीक, वेगळे केले तर दोघेही निकामी. म्हणून वजाबाकी कधीच फोडायची नाही. पुढच्या पायरीत तीच कामाला येते.

पायरी २. अडणारा तुकडा उलगडा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. त्रास देणारा तुकडा म्हणजे बहुधा दुसऱ्याच एका चलातला इंटिग्रल असतो, कुणीतरी सोडवून लिमिट टाकून ठेवलेला. एकाच फंक्शनच्या दोन किमतींची वजाबाकी दिसली की समजा, लिमिट टाकून झाल्या आहेत. क्ष^७ − क्ष^३ मध्ये बदलतोय फक्त घात: ७ आणि ३. मग घातालाच चल करा. क्ष^य चं य च्या संदर्भात इंटिग्रेशन केलं तर क्ष^य / लॉग क्ष येतं. म्हणजे:

(क्ष^७ − क्ष^३) / लॉग क्ष = ∫[३→७] क्ष^य · डीय

छेदातला लॉग गेला. वारंवार लागणारे उलगडे खाली देतो. पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाची उजवी बाजू एकदा स्वतः सोडवून बघा.

- १/क्ष = ∫[०→∞] ई^(−क्ष·य) · डीय. क्ष धन असेल तरच. क्ष ऋण असेल तर उजवी बाजू फुटते, म्हणून लिमिट ऋण बाजूला जात असतील तर आधी शून्यापाशी तुकडे करा.
- १/क्ष^२ = ∫[०→∞] य·ई^(−क्ष·य) · डीय. अट तीच.
- (ई^(−अ·क्ष) − ई^(−ब·क्ष)) / क्ष = ∫[अ→ब] ई^(−क्ष·य) · डीय.
- लॉग(१+क्ष) = ∫[०→१] क्ष / (१+क्ष·य) · डीय.
- आर्कटॅन(क्ष) / क्ष = ∫[०→१] १ / (१ + क्ष^२·य^२) · डीय.
- साइन(क्ष) / क्ष = ∫[०→१] कॉस(क्ष·य) · डीय.

एका तुकड्याचे दोन-तीन उलगडे होऊ शकतात, आणि सगळेच उपयोगी पडत नाहीत. निवडताना एकच प्रश्न विचारा: उलगडल्यानंतर क्ष चं इंटिग्रेशन सोपं झालं का? यादीतला शेवटचा उलगडा घ्या. तो ० ते ∞ च्या साइन(क्ष)/क्ष वर लावला तर क्रम बदलल्यावर आत ∫[०→∞] कॉस(क्ष·य) · डीक्ष येतो. तो कन्व्हर्जच होत नाही. समीकरण खरं आहे, पण या कामाला बाद. त्याऐवजी १/क्ष उलगडला तर आत ई^(−क्ष·य)·साइन क्ष येतं, आणि त्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे.

डीयूआयएस, म्हणजे इंटिग्रलच्या चिन्हाच्या आत पॅरामीटरच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेण्याची पद्धत, शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. एकाच पद्धतीची ही दोन रूपं आहेत. फरक इतकाच की डीयूआयएसमध्ये शेवटी स्थिरांक शोधावा लागतो, आणि त्यासाठी पॅरामीटरची सोयीची किंमत सापडावी लागते. इथे लिमिट आधीच ठरलेल्या असल्यामुळे तो स्थिरांक उरत नाही. म्हणून दोन्ही जमत असतील तर डबल इंटिग्रलच घ्यावा, असं माझं मत.

पायरी ३. डबल लिहा आणि प्रदेश रेखाटा

∫[०→१] ( ∫[३→७] क्ष^य · डीय ) डीक्ष

दोन्ही जोड्यांच्या लिमिट आकडेच असतील तर प्रदेश आयत असतो. तेव्हा क्रम बदलताना लिमिट जशाच्या तशा उचलायच्या, फक्त प्रत्येक जोडी आपापल्या चलाबरोबर जाते. ‘आतल्या आत, बाहेरच्या बाहेर’ ठेवून नुसते डीक्ष-डीय बदलणं ही घाईत होणारी चूक आहे. लिमिट चलाची असते, जागेची नाही.

आतल्या लिमिटमध्ये क्ष आला की आकृतीशिवाय पुढे जाऊ नका. उदाहरणार्थ:

∫[०→१] ( ∫[क्ष→१] ई^(य^२) · डीय ) डीक्ष

ई^(य^२) चा अँटिडेरिव्हेटिव्ह मिळत नाही. प्रदेश आहे ० ≤ क्ष ≤ य ≤ १, म्हणजे य = क्ष या रेषेच्या वरचा त्रिकोण. आडव्या पट्ट्या घेतल्या तर क्ष ० पासून य पर्यंत जातो आणि य ० पासून १ पर्यंत. आतला इंटिग्रल होतो य·ई^(य^२), आणि आता सब्स्टिट्यूशनला हवा असलेला य आपोआप आला. उत्तर (ई−१)/२, म्हणजे सुमारे ०.८५९.

पायरी ४. क्रम बदलायची मुभा आहे का ते तपासा

ही पायरी औपचारिक वाटते, पण ती गाळली तर उत्तर साफ चुकू शकतं. नियम दोन.

टोनेलीचा (१९०९): प्रदेशावर फंक्शन कुठेच ऋण नसेल तर क्रम बिनधास्त बदला. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येईल, ते ∞ असलं तरी.

फुबिनीचा (१९०७): फंक्शन धन-ऋण होत असेल तर आधी त्याच्या निरपेक्ष किमतीचा डबल इंटिग्रल मर्यादित आहे का ते बघा. असेल तरच बदला.

आपलं क्ष^य या आयतावर कुठेच ऋण नाही, म्हणून टोनेली पुरतो. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त गणितं एवढ्यावरच सुटतात.

आता मुभा नसताना काय होतं ते बघा. (क्ष^२ − य^२) / (क्ष^२ + य^२)^२ हे फंक्शन ० ते १ च्या चौरसावर घ्या. य / (क्ष^२ + य^२) चा य च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढला तर नेमकं हेच फंक्शन येतं. म्हणून आधी य, मग क्ष असं गेलं तर आतल्या इंटिग्रलचं उत्तर १/(१+क्ष^२), आणि बाहेरचं पाय/४. आधी क्ष, मग य असं गेलं तर चिन्ह उलटतं आणि उत्तर येतं −पाय/४. फंक्शन तेच, चौरस तोच, आकडेमोडीत एकही चूक नाही, आणि उत्तरं दोन. दोष शून्य-शून्य कोपऱ्यात आहे: तिथे फंक्शन १/आर^२ च्या वेगाने वाढतं (आर म्हणजे मूळ बिंदूपासूनचं अंतर), त्यामुळे निरपेक्ष किमतीचा इंटिग्रल अनंत होतो आणि फुबिनीची अट मोडते.

पायरी ५. आतला इंटिग्रल सोडवा, मग बाहेरचा

आतल्या इंटिग्रलमध्ये य स्थिरांक आहे असं समजायचं.

∫[०→१] क्ष^य · डीक्ष = १/(य+१)

इथे य > −१ हवा. आपला य ३ ते ७ मध्ये आहे, म्हणून चालतं. मग:

∫[३→७] १/(य+१) · डीय = लॉग ८ − लॉग ४ = लॉग २

अंश क्ष^ब − क्ष^अ असा कुठल्याही घातांचा असला (अ आणि ब दोन्ही −१ पेक्षा मोठे), तरी उत्तर लॉग((ब+१)/(अ+१)).

आतला इंटिग्रल सोडवताना य च्या टोकाच्या किमतीला काही अडतंय का ते बघत राहा. एकाच बिंदूवर सूत्र फुटलं तर सहसा बिघडत नाही. अख्ख्या पट्ट्यावर फुटलं तर उलगडा बदला.

पायरी ६. आकड्यांनी पडताळा

सिम्प्सनचा नियम चार भागांवर लावू. ०, ०.२५, ०.५, ०.७५, १ या बिंदूंवर फंक्शनच्या किमती: ०, ०.०११२, ०.१६९१, १.००२५, ४. दोन्ही टोकांच्या किमती पायरी १ मध्ये काढलेल्या लिमिट आहेत. सूत्रात टाकल्यावर ०.६९९४ येतं. लॉग २ म्हणजे ०.६९३१. फक्त चार भागांना इतकं जवळ आलं म्हणजे समाधान मानायला हरकत नाही.

∞ लिमिट असेल तर कॅल्क्युलेटरला मोठा आकडा द्यावा लागतो. ई^(−क्ष^२) साठी ६ पुष्कळ झाला, त्यापलीकडे काही उरतच नाही. साइन(क्ष)/क्ष साठी मात्र १०० सुद्धा कमी पडतो: तिथे राहिलेली शेपटी १/१०० इतकी मोठी असू शकते, म्हणजे दुसऱ्या दशांश स्थळाचाही भरवसा नाही.

सहा पायऱ्या झाल्या. आता तीन अशी उदाहरणं, जिथे त्यातली एखादी पायरी वाकवावी लागते.

७. डबल करून मूळ इंटिग्रलच परत येतो तेव्हा

∫[०→१] लॉग(१+क्ष) / (१+क्ष^२) · डीक्ष

अमेरिकेतल्या पटनम स्पर्धेत २००५ साली हा प्रश्न आला होता. लॉगचा उलगडा यादीत आहेच. तो टाकला की चौरसावर हे फंक्शन मिळतं:

क्ष / ( (१+क्ष·य)·(१+क्ष^२) )

सगळं धन, म्हणून मुभा आहे. आतला इंटिग्रल क्ष चा. पार्शल फ्रॅक्शन करताना य ला आकडा समजा:

क्ष / ( (१+क्ष·य)·(१+क्ष^२) ) = १/(१+य^२) · [ (क्ष+य)/(१+क्ष^२) − य/(१+क्ष·य) ]

छेद एक करून हे तपासाच. −य·(१+क्ष^२) + (क्ष+य)·(१+क्ष·य) उलगडलं की बरंच काही कटून क्ष·(१+य^२) उरतं. या पार्शल फ्रॅक्शनमध्ये चिन्ह हमखास चुकतं, म्हणून आडवळणाने न जाता सरळ गुणून बघणं उत्तम.

० ते १ क्ष चं इंटिग्रेशन केल्यावर कंसात राहतं: (लॉग २)/२ + (पाय/४)·य − लॉग(१+य). सगळ्याला छेद १+य^२. आता य चं इंटिग्रेशन करायचं, आणि तिसरं पद म्हणजे आपला मूळ इंटिग्रलच, ऋण चिन्हासह. त्याला म म्हणू. चलाचं नाव बदललं म्हणून किंमत बदलत नाही.

म = (लॉग २)/२ · पाय/४ + पाय/४ · (लॉग २)/२ − म

म्हणून २·म = (पाय/४)·लॉग २, आणि म = (पाय/८)·लॉग २, सुमारे ०.२७२२. सिम्प्सन चार भागांवर ०.२७२३ देतो.

नवीन माणूस नेमका इथे हात टेकतो. मूळ इंटिग्रल परत दिसला की वाटतं, गोल फिरून आलो. चिन्ह बघा. −म आला तर गणित सुटलं. +म आला असता तर मात्र खरंच गोल फिरलो असतो, आणि दुसरा उलगडा शोधावा लागला असता.

८. फुबिनीची अट मोडते तेव्हा: साइन(क्ष)/क्ष

∫[०→∞] साइन(क्ष)/क्ष · डीक्ष = पाय/२

नेहमीची मांडणी अशी: १/क्ष उलगडा, क्रम बदला, आत ∫[०→∞] ई^(−क्ष·य)·साइन क्ष · डीक्ष = १/(१+य^२), बाहेर पाय/२. उत्तर बरोबर आहे, पण क्रम बदलण्याचा आधार नाही. निरपेक्ष किंमत घेऊन आधी य चं इंटिग्रेशन केलं तर |साइन क्ष|/क्ष उरतं, आणि त्याचा ० ते ∞ इंटिग्रल अनंत आहे: एकेका कमानीचं क्षेत्रफळ १/१, १/२, १/३... या मालिकेसारखं घटतं, आणि त्या मालिकेची बेरीज थांबत नाही. परीक्षक जागरूक असेल तर इथे गुण कापतो, आणि ते योग्यच आहे.

मार्ग दोन आहेत. पहिला: वरची लिमिट ∞ ऐवजी एक मोठा आकडा न ठेवा. मग अट पाळली जाते, आणि क्रम बदलल्यावर पाय/२ मधून एक शेपटी वजा होते:

∫[०→∞] ई^(−न·य) · (कॉस न + य·साइन न) / (१+य^२) · डीय

कंसातल्या पदाची निरपेक्ष किंमत √(१+य^२) पेक्षा मोठी होत नाही, म्हणून अख्खी शेपटी १/न पेक्षा लहान राहते. न → ∞ केलं की ती संपली.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात अंदाज बांधावे लागत नाहीत. आधी बाय पार्ट्स करा, पण साइनचा अँटिडेरिव्हेटिव्ह −कॉस क्ष न घेता १ − कॉस क्ष घ्या. सीमेवरचं पद (१ − कॉस क्ष)/क्ष दोन्ही टोकांना शून्य होतं, आणि राहतं:

∫[०→∞] (१ − कॉस क्ष) / क्ष^२ · डीक्ष

हे कधीच ऋण नाही. आता १/क्ष^२ चा उलगडा टाका आणि टोनेलीच्या भरवशावर क्रम बदला. आतला इंटिग्रल:

य · ( १/य − य/(१+य^२) ) = १/(१+य^२)

बाहेरचा पाय/२. −कॉस क्ष घेतला असता तर शून्यापाशी सीमेवरचं पद फुटलं असतं. अँटिडेरिव्हेटिव्हमधला ‘अधिक क’ आपल्या सोयीने निवडता येतो, हे बरेच जण विसरतात.

९. स्वतःशीच गुणायचं: ई^(−क्ष^२)

इथे उलगडण्यासारखा तुकडाच नाही. म्हणून अख्ख्या इंटिग्रलचा वर्ग करायचा. ० ते ∞ च्या इंटिग्रलला ग म्हणू. ग^२ लिहिताना दुसऱ्या प्रतीत चल बदलून य घ्या. दोन्हीकडे क्ष ठेवून ‘∫ई^(−२·क्ष^२)’ लिहिणं ही इथली ठरलेली चूक आहे. गुणाकाराचा इंटिग्रल म्हणजे इंटिग्रलांचा गुणाकार नव्हे.

ग^२ = पहिल्या चरणावर ई^(−(क्ष^२+य^२)) चा डबल इंटिग्रल

पोलरमध्ये गेल्यावर क्षेत्राच्या तुकड्यात जादा आर येतो. तो विसरलात तर गणित पुन्हा तिथेच अडतं; तो असल्यामुळेच आर·ई^(−आर^२) सोडवता येतं आणि उत्तर १/२ येतं. कोन ० ते पाय/२, कारण पहिलाच चरण घेतला आहे. ग^२ = पाय/४, ग = √पाय/२. वर्गमूळ घेताना धन बाजू, कारण फंक्शन धन आहे. −∞ ते ∞ असेल तर याच्या दुप्पट, √पाय.

पोलर नको असेल तर आतल्या इंटिग्रलमध्ये य = क्ष·ट घ्या, म्हणजे डीय च्या जागी क्ष·डीट. मग ग^२ मध्ये क्ष·ई^(−क्ष^२·(१+ट^२)) येतं, क्रम बदलून क्ष चं इंटिग्रेशन १/(२·(१+ट^२)), आणि त्याचं ० ते ∞ पाय/४. पहिल्या सहा पायऱ्यांत बसणारी मांडणी हीच.

वर्ग करण्याची ही युक्ती इतर फंक्शन्सवर चालवायचा मोह होतो. तिथे वेळ घालवू नका. पोलरमध्ये कोन निघून जायला दोन फंक्शन्सच्या गुणाकारात फक्त क्ष^२ + य^२ उरावं लागतं, आणि ते ई^(क·क्ष^२) या साच्यातच होतं.

सरावासाठी

पहिले तीन सरळ आहेत, चौथ्याला थोडं थांबावं लागेल.

(१) ∫[०→१] (क्ष − १)/लॉग क्ष · डीक्ष. १ म्हणजे क्ष^०. उत्तर लॉग २.

(२) ∫[०→∞] (ई^(−२·क्ष) − ई^(−६·क्ष))/क्ष · डीक्ष. उत्तर लॉग ३.

(३) ∫[०→∞] (आर्कटॅन(३·क्ष) − आर्कटॅन(क्ष))/क्ष · डीक्ष. य १ ते ३ घ्या. आतला इंटिग्रल पाय/(२·य). उत्तर (पाय/२)·लॉग ३.

(४) ∫[०→१] आर्कटॅन(क्ष) / ( क्ष·√(१−क्ष^२) ) · डीक्ष. उलगडा यादीत आहे. आतल्या इंटिग्रलमध्ये क्ष = साइन थीटा टाका; त्याची किंमत पाय/(२·√(१+य^२)) यायला हवी. ती आली नाही तर साइनचा वर्ग टॅनमध्ये नेताना १+य^२ सुटलाय का ते बघा. उत्तर (पाय/२)·लॉग(१+√२), सुमारे १.३८४. क्ष = १ जवळ फंक्शन उंच जातं, त्यामुळे इथे सिम्प्सन सरळ लावता येणार नाही. थीटामध्ये गेल्यावर लावा.